थंडीने गारठलेला सोबती



1996 च्या ऑगस्ट महिन्यात अमरनाथच्या वाटेवर हिमवादळात सापडून दोनशेहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. महिना ऑगस्टचा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पाऊस, वारा, थकवा आणि भिजलेली वस्त्रे एकत्र आली, म्हणजे पर्वतप्रदेशात हे संकट ऐन उन्हाळ्यातही ओढवते.

आपल्या शरीराचे तापमान सुमारे 37 अंश सेल्सिअस असते. आत निर्माण होणाऱ्या उष्णतेपेक्षा बाहेर जाणारी उष्णता अधिक झाली आणि आतील तापमान 35 अंशांखाली उतरले, की त्या अवस्थेस हायपोथर्मिया म्हणतात.

प्रारंभी माणूस कुडकुडतो. उष्णता निर्माण करण्याची स्नायूंची ती धडपड होय. पुढे बोलणे अडखळते, बोटांना गुंडी लावता येत नाही, पावले लटपटतात, विचारशक्ती मंदावते. तापमान 32 अंशांच्याही खाली जाऊ लागले, की कुडकुडणे थांबू लागते. सोबत्यांना वाटते, आता याला बरे वाटत आहे. वस्तुतः हीच मोठ्या धोक्याची खूण होय. काही जण तर भ्रमिष्टावस्थेत अंगावरचे कपडेही काढून टाकतात. म्हणून ‘मला काही झालेले नाही’ या रुग्णाच्या शब्दांवर विसंबू नये.

अशा वेळी करावे काय? प्रथम त्याला वाऱ्यापासून आडोशाला न्यावे. ओले कपडे हलक्या हाताने उतरवून त्याला कोरड्या कांबळ्यात गुंडाळावे, डोके झाकावे. त्याच्या अंगाखालीही जाड अंथरूण हवे, कारण गार जमीन ऊब ओढून घेते. ऊब छाती व काखा यांना द्यावी. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळूनच ठेवावी. तो शुद्धीवर असून त्याला नीट गिळता येत असेल, तर गोड, कोमट पेय द्यावे. त्याचबरोबर वैद्यकीय मदतीसाठी माणूस धाडावा.

मद्य मुळीच देऊ नये. त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात; ऊब आल्याचा केवळ भास होतो, प्रत्यक्षात उष्णता निघून जाते. हातपाय चोळू नयेत, रुग्णाला चालवू नये. गारठलेले हृदय साध्या हिसक्यानेही ताल सोडू शकते.

आणि नाडी लागत नाही म्हणून घाईने आशा सोडू नये. नॉर्वेमध्ये 1999 साली बर्फाखाली अडकलेल्या एका स्त्रीच्या शरीराचे तापमान 13.7 अंशांपर्यंत उतरले होते, हृदय थांबले होते. तरीही ती वाचली. तिच्या सोबत्यांनी आणि डॉक्टरांनी प्रयत्न सोडले नव्हते. गारठलेल्या माणसाला स्वतःची अवस्था उमगत नाही. ती ओळखणे हे सोबत चालणाऱ्याचेच कर्तव्य आहे.