कल्हईवाल्याच्या घरची आंबील



आमच्या बार्शीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत घरोघरी आंबील असायची. मालदांडी ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं. सकाळी ते आंबलं की उकळत्या पाण्यात सोडून शिजवायचं. मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालायचा आणि गार झाल्यावर वरून पुन्हा ताक.

आंबवण्यासाठी वेगळं साहित्य कुणाकडे होतं? घरात असेल ते हाताशी घ्यायचं. अम्मी पीठ मडक्यात भिजवी, झाकणाला पितळी ताटली. मडकं पाझरतं, म्हणून आतलं पीठ उन्हाळ्यातही फार आंबट होत नसे. थंडीत दही लागेना, तर विरजलेलं भांडं ती चुलीच्या वैलाशेजारी वाकळीत गुंडाळून ठेवी. विरजण नासलं तर शेजारच्या काकूंकडून वाटीभर यायचं. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं, आणि चीक गाळायला तिची जुनी ओढणी!

अब्बा कल्हईवाले. सायकलला भाता बांधून वैराग, पांगरीकडे जात. लोकांची भांडी चकाकत. आमची मात्र तशीच. सुताराच्या घरचा पाट मोडका असतो, त्यातलाच हा प्रकार.

१९८१ साल असेल. मी दहा-अकरा वर्षांचा. माझ्या हातून मडकं फुटलं. ओरडा बसेल म्हणून मी गुपचूप पीठ पितळी पातेल्यात कालवून ठेवलं. त्याची कल्हई कधीच उडाली होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट त्याला खातं आणि ते पदार्थात उतरतं. आपण म्हणतो, कळकलं. पहाटे अंधारात अम्मीनं त्याचीच आंबील केली. अब्बा तांब्याभर पिऊन निघाले आणि वेशीपासूनच परतले. दिवसभर उलट्या. रोजगार बुडाला तो वेगळाच.

अम्मीनं पातेलं उजेडात तिरकं धरलं. कडेला हिरवट रेघ होती. “पितल में खट्टा रखते क्या रे?” एवढंच म्हणाली. अब्बा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्याच अंगणात भट्टी पेटवली. तापल्या पातेल्यात नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी टेकवून कापसानं भराभर फिरवली. मला म्हणाले, “भाता तू मार.”

आता स्टीलमुळे कळकण्याची भीती नाही. पण लोक इडलीचं पीठ रंगाच्या रिकाम्या बादलीत आंबवतात, हे मला पटत नाही. ती बादली खाण्यासाठी केलेलीच नसते. त्यापेक्षा लोणच्याची काचेची जुनी बरणी घ्यावी. झाकण घट्ट लावू नये, वायू कोंडला तर बरणी फुटते.

ते पातेलं अजून माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी त्याला कल्हई करावी म्हणून गावभर फिरलो, कुणी मिळालं नाही. सध्या त्यात लसूण ठेवतो.