जपानी मुलांचे अवघड इंग्रजी

श्रोतेहो, देवमासा हा मासा नव्हे, असे आपण मुलांना शाळेत शिकवतो आणि नाव घेताना मात्र त्याला मासाच म्हणतो. जपानी लोकांचीही हीच गंमत आहे. त्यांच्या लिपीत देवमाशाचे जे अक्षर आहे, त्याच्या डाव्या अंगाला माशाचेच चिन्ह काढलेले असते. आणि जपानी हायस्कुलातल्या मुलांना ज्या इंग्रजी वाक्याने पिढ्यान् पिढ्या घाम फोडला, ते वाक्यही नेमके या देवमाशाचेच. ते असे: ‘अ व्हेल इज नो मोर अ फिश दॅन अ हॉर्स इज.’

आता यातला एकही शब्द अवघड नाही. व्हेल म्हणजे देवमासा, हॉर्स म्हणजे घोडा, ‘नो मोर’ म्हणजे जास्त नाही, ‘दॅन’ म्हणजे पेक्षा. मुलगा शब्दकोश घेऊन बसतो, ‘देवमासा घोड्यापेक्षा जास्त मासा नाही’ इथपर्यंत येतो आणि अडतो. घोड्याचा इथे काय संबंध? वाक्याचे म्हणणे साधे आहे. घोड्याला कोणी मासा म्हणेल काय? नाही ना? मग देवमाशालाही म्हणू नका. सगळे शब्द येतात आणि वाक्य येत नाही, अशी ही अवस्था. जपानात या वाक्याच्या धाटणीला ‘कुजिरा नो कोबुन’, म्हणजे देवमाशाची वाक्यरचना, असे नावच पडले आहे.

असा अडलेला मुलगा तुमच्या वर्गात, तुमच्या घरात नाही काय? म्हणून आज जपानविषयी बोलायचे. तिथल्या मुलाला अडचण कुठे येते आणि त्याला हात कोणी कसा दिला, हे पाहण्यासारखे आहे.

अडचणीचे मूळ वाक्यातल्या शब्दांच्या क्रमात आहे. एक वाक्य घ्या: ‘द टीचर हू टीचेस मी इंग्लिश लिव्ह्ज इन क्योटो.’ हेच जपानीत म्हणतात, ‘वाताशी नि एइगो ओ ओशिएते इरु सेन्सेइ वा क्योटो नि सुन्दे इरु.’ घाबरू नका, शब्द फोडून पाहू. ‘वाताशी नि’ म्हणजे मला, ‘एइगो ओ’ म्हणजे इंग्रजी, ‘ओशिएते इरु’ म्हणजे शिकवणारे, ‘सेन्सेइ वा’ म्हणजे शिक्षक, ‘क्योटो नि’ म्हणजे क्योटोत आणि ‘सुन्दे इरु’ म्हणजे राहतात. मला इंग्रजी शिकवणारे शिक्षक क्योटोत राहतात. पाहिलेत? शब्दाला शब्द मराठीच! क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, विशेषण नामाच्या आधी. भाषा कुळाने आपल्या नात्याची नाही, पण चाल आपलीच आहे. त्यामुळे जपानी मुलगा इंग्रजी वाक्यात जिथे ठेचाळतो, तिथेच पुष्कळदा आपलाही ठेचाळतो.

जपानी लोकांजवळ या अडचणीवर एक जुना तोडगा होता. इंग्रजी यायच्या कित्येक शतके आधीपासून ते चिनी ग्रंथ वाचत. चिनीतही क्रियापद आधी आणि कर्म नंतर. तेव्हा चिनी अक्षरांच्या कडेला ते बारीक खुणा आणि आकडे मांडीत: इथून मागे फिरा, हे आधी वाचा, ते नंतर वाचा. त्या खुणांच्या आधाराने चिनी मजकूर जपानी क्रमाने वाचता येई. ही विद्या तिथे हायस्कुलात अजूनही शिकवतात. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आले, तेव्हा हाच तोडगा त्याला लावला गेला. त्या काळच्या स्वयंशिक्षकांत इंग्रजी शब्दाजवळ जपानी उच्चार, अर्थ आणि कितव्या क्रमाने वाचायचे तो आकडा छापलेला असे. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांचे इंग्रजी पोसले, त्यांना हा प्रकार फारसा परका वाटणार नाही.

आता ही रीत अगदीच टाकाऊ होती, असे मी म्हणणार नाही. तिने एका देशाला परक्या विद्येची पुस्तके वाचून दिली. पण तिच्यात एक खोट होती. असे वाचणारा माणूस आधी वाक्याच्या शेवटापर्यंत धावतो आणि मग मागे मागे येतो. पाच शब्दांचे वाक्य असेल तर ठीक. पाच ओळींचे असले की धागा तुटलाच. आणि कानाला तर मागे फिरताच येत नाही. आता माझेच बोलणे घ्या, निसटलेले वाक्य तुम्हांला परत कोण ऐकवणार?

हॅरॉल्ड पामर नावाचे इंग्रज पंडित १९२२ साली जपानच्या शिक्षणखात्याचे सल्लागार म्हणून आले. आधी कान आणि तोंड, मग पुस्तक, असा त्यांचा आग्रह. १९३६ पर्यंत ते तिथे खपले. पण परीक्षेत जोवर छापील उताऱ्याचे भाषांतरच विचारतात, तोवर वर्ग दुसरे काय करणार?

ही परीक्षा म्हणजे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा. तिच्यासाठी मुले शाळा सुटल्यावर ‘जुकु’ नावाच्या खाजगी शिकवणीला जातात. नापास झालेला मुलगा वर्षभर घरी बसून पुन्हा तयारी करतो. त्याला ‘रोनिन’ म्हणतात. रोनिन म्हणजे पूर्वीच्या काळचा धनी नसलेला सामुराई! शब्द थट्टेचा आहे, पण ते वर्ष काही थट्टेचे नसते. शिकवणीला पैसा लागतो आणि ती शहरात असते. मग खेड्यातल्या मुलाने काय करावे?

इथे रेडिओ कामी आला. ओबुन्शा या प्रकाशनसंस्थेच्या पुढाकाराने १९५२ साली प्रवेशपरीक्षेची रेडिओ व्याख्याने सुरू झाली. रात्री ब्राम्सच्या एका संगीतरचनेची धून वाजायची, मुले छापील पाठ उघडून बसायची आणि नामांकित शिक्षक एकेक वाक्य सोडवून दाखवायचे. ज्याला टोकियोचे तोंड पाहता येत नव्हते, त्याच्या उशाशी टोकियोचा मास्तर येऊन बसला. ही व्याख्याने १९९५ पर्यंत चालली.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मला खास सांगायचे आहे ते इतो काझुओ यांच्याविषयी. शिक्षणाने ते तत्त्वज्ञानाचे पदवीधर, पण आयुष्य गेले टोकियोच्या सुंदाई या तयारीवर्गात इंग्रजी शिकवण्यात. १९७७ साली त्यांचे ‘एइबुन काइशाकु क्योशित्सु’, म्हणजे ‘इंग्रजी वाक्यार्थाचा वर्ग’, हे पुस्तक निघाले. मुले अजूनही ते वाचतात. व्याकरण त्यांनी सोडले नाही, पण त्याची दिशा बदलली. वाक्य डावीकडून उजवीकडेच वाचायचे, आणि वाचता वाचता पुढे काय येणार याचा अंदाज बांधायचा.

आपलेच वाक्य पाहा. ‘द टीचर’. मागे शब्दयोगी अव्यय नसलेले नाम सुरुवातीला आले, तेव्हा हा बहुधा कर्ता. आता याचे क्रियापद कुठे ते पाहायचे. ‘हू’ आले; म्हणजे मध्येच एक आडवाट फुटली. ‘टीचेस’ हे क्रियापद त्या आडवाटेचे, आपले नव्हे. ‘मी इंग्लिश’. आडवाट संपली. ‘लिव्ह्ज’. हे आले आपले क्रियापद! अंदाज चुकला तर तिथेच दुरुस्त करायचा. हे सारे जपानीतच समजावले जाई, हे लक्षात ठेवा. २०१३ पासून तिथल्या हायस्कुलांत इंग्रजीचा तास शक्यतो इंग्रजीतूनच घ्यावा असे धोरण आहे. धोरणाचा हेतू चांगला आहे. पण ‘हू’ची आडवाट अडलेल्या मुलाला दोन मिनिटे मायबोलीत दाखवली, तर त्याने इंग्रजी बुडते असे मला वाटत नाही.

परीक्षाही आता बदलली आहे. राष्ट्रीय परीक्षेत २००६ साली ऐकण्याची चाचणी आली. २०२१ पासून वाचनाला शंभर आणि ऐकण्याला शंभर गुण झाले. व्याकरणाचे सुटे प्रश्न गेले. ऐंशी मिनिटांत पाच हजारांहून अधिक शब्दांची प्रश्नपत्रिका वाचायची असते. मागून पुढे वाचणाऱ्याचा तिथे निभाव कसा लागावा? तरीही क्योटोसारख्या विद्यापीठाच्या स्वतंत्र परीक्षेत उताऱ्याचे भाषांतर अजून विचारतातच. तेव्हा मुलाला दोन्ही हवे.

महाराष्ट्रात मराठी शाळांतून २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आठवी-नववीच्या मुलांवर एक प्रयोग करून बघा. एक लांब वाक्य फळ्यावर लिहा आणि ते सारे फडक्याने झाका. एकेक शब्द उघडा आणि दर शब्दाला विचारा, ‘आता पुढे काय येईल?’ अर्थ सांगू नका. मुले मागतील, तरी सांगू नका. ज्या शब्दावर वर्ग गप्प होईल, तिथे खडूने खूण करा. पुढच्या तासाला तेवढ्याच खुणेपासून सुरुवात करायची.