रब्बीचं मूळ अरबीत

कर्जत-जामखेडच्या रानात
रब्बीची ज्वारी डोलते.
ही 'रब्बी' मूळची अरबी.
अरबीत 'रबी' म्हणजे वसंत.
आणि 'खरीफ' म्हणजे शरद.
तोच आपला खरीप.

पण खरीप आपण पेरतो पावसाळ्यात.
रब्बी पेरतो थंडीच्या तोंडावर.
मग ही नावं कशी?
कारण ती पेरणीची नाहीत,
काढणीची आहेत.
ज्वारी खळ्यावर येते,
तेव्हा वसंताची चाहूल लागलेली असते.

पुन्हा सांगते.
नाव पेरणीचं नाही, काढणीचं.
पीक हाती आलं,
की सरकारचा सारा द्यायचा.
बहमनी काळात, मग निजामशाहीत
हे शब्द दप्तरात रुळले.
मूळ अरबी, वाट फारसीची.

अशीच अरबी 'मशक्कत', म्हणजे कष्ट.
तिचीच झाली आपली 'मशागत'.
मला हा शब्द फार मोलाचा वाटतो.
नांगरट, वखरणी, ढेकळं फोडणं,
सगळे कष्ट त्यात आले.

अरबी 'मौसिम' तर समुद्रापार गेला.
मलय भाषेत तो 'मुसिम' झाला.
आपल्याकडे 'मोसम'.

श्रोतेहो,
घरातल्या जुन्या माणसांकडून
शेतीचे असे शब्द विचारून घ्या,
आणि वहीत लिहून ठेवा.