हळदीचा पिवळा रंग आणि विषाणू
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला आयटीमधलं काहीतरी सांगायला सुचवलं होतं. पण त्यावर बोलणारे आता गल्लोगल्ली आहेत. म्हणून मी आपल्या मातीतला विषय निवडला. हळद. नेमकं सांगायचं तर हळदीचा रंग, आणि त्या रंगाने विषाणूचा आजार बरा होतो का, हा प्रश्न.

मी डॉक्टर नाही. दहावीपर्यंत तुमच्याबरोबर होते, मग विश्रामबागला वालचंदमध्ये इंजिनिअरिंग केलं, आणि तेव्हापासून सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुणी 'हे चालतं' म्हटलं की ते कुठे चाललं, किती वेळा चाललं आणि नसतं केलं तर काय झालं असतं, हे विचारायचं हा माझा रोजचा धंदा. तेच प्रश्न मी हळदीला लावले, एवढंच.

आपण माधवनगरची माणसं. सांगलीतले हळदीचे सौदे, हरिपूरची पेवं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. जमिनीत खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्या ग्रुपवर पेढे वाटल्यासारखे संदेश फिरले होते. अभिमान रास्तच आहे.

हळकुंडाला पिवळं करतं ते कर्क्युमिन. हे द्रव्य हळदीतून पहिल्यांदा वेगळं केलं गेलं १८१५ साली, आणि त्याची रचना कळली १९१० साली. हळदीत ते साधारण तीन टक्के असतं. कांद्याच्या सालीतलं क्वेर्सेटिन, तासगावच्या काळ्या द्राक्षांच्या सालीतलं अँथोसायनिन ही त्याचीच लांबची भावंडं. ही रंगद्रव्यं प्रथिनांना सहज चिकटतात. विषाणूचं कवच आणि त्याची हत्यारंही प्रथिनांचीच असतात. त्यामुळे परीक्षानळीत अशा रंगद्रव्यांनी विषाणू रोखल्याचे निष्कर्ष पुष्कळ आहेत, आणि ते खोटे नाहीत. अडचण पुढे सुरू होते.

विज्ञानाच्या बाईंनी करून दाखवलेला हळदीचा कागद आठवतो? साबणाचं पाणी लावलं की लाल व्हायचा. अल्कली लागताच कर्क्युमिन रूप बदलतं, आणि तशा द्रावणात ते फार टिकतही नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शरीराच्या तापमानाला, जेमतेम अल्कली असलेल्या द्रावणात, अर्ध्या तासात सुमारे नव्वद टक्के कर्क्युमिन मोडून गेलं होतं. रक्तात ते थोडं जास्त टिकतं, पण रक्तापर्यंत पोचतंच किती? पाण्यात ते विरघळत नाही. पोटातून फार थोडं शोषलं जातं, आणि जे जातं त्याला यकृत झटपट बाहेर काढतं.

दुसरी गोष्ट आणखी मजेशीर आहे. आपल्यातल्या बँकवाल्यांनी घरी करून बघावी. स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद घाला आणि नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. हिरवट-पिवळी चकाकेल. प्रयोगशाळेतल्या कितीतरी चाचण्या अशाच चकाकीवरून किंवा रंगावरून निकाल वाचतात. मग औषधाने काम केलं म्हणून दिवा लागला, की औषधच चमकतंय, हे कसं कळणार? चुलीजवळ टांगलेल्या तापमापकावरून गावाचं हवामान सांगण्यासारखं आहे ते. २०१७ साली अमेरिकेतल्या काही औषधरसायनतज्ज्ञांनी कर्क्युमिनवरचं सगळं संशोधन एकत्र तपासलं. १२० हून अधिक रुग्ण-चाचण्या झालेल्या होत्या, पण रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही खरी गोळी कुठली हे माहीत नसलेली, खोट्या गोळीशी तुलना करणारी एकही चाचणी यशस्वी झाली नव्हती, असं त्यांनी लिहिलं.

यात माझ्या क्षेत्राचाही हात आहे. २०२० मध्ये संगणकावर कुलूप-किल्लीचा खेळ जोरात होता. विषाणूच्या प्रथिनाचं कुलूप पडद्यावर मांडायचं आणि हजारो रेणूंच्या किल्ल्या बसवून बघायच्या. कर्क्युमिनची किल्ली बसली, बातमी झाली. हा कार्यक्रम कसा चालतो हे मला ठाऊक आहे. तो फक्त पुढे कशाची चाचणी करावी ते सुचवतो. पडद्यावर किल्ली बसली म्हणजे दार उघडलं, असं होत नाही.

मग माणसांवर कुणी करून पाहिलं का? पाहिलं, आणि आपल्या महाराष्ट्रातच. कोविडच्या पहिल्या वर्षी तीस खाटांच्या एका कोविड केंद्रात १४० रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर कर्क्युमिन आणि मिऱ्यातलं पिपरीन, दुसऱ्या गटाला त्याऐवजी प्रोबायोटिक. कर्क्युमिनच्या गटाची लक्षणं लवकर कमी झाली, प्रकृती बिघडण्याचं प्रमाणही कमी राहिलं. गर्दीच्या काळात अशी चाचणी केली याचं मला कौतुक आहे. पण १४० हा आकडा लहान आहे. ही वाट पुढे तपासण्यासारखी आहे, एवढंच त्यावरून म्हणता येतं.

आणि मात्रा बघा. त्या रुग्णांना दिवसाला १,०५० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. तीन टक्क्यांच्या हिशेबाने ती झाली पस्तीस ग्रॅम हळद, म्हणजे दहा-बारा चहाचे चमचे. ३१ मार्च २०२० च्या सूचनेत आयुष मंत्रालयाने सांगितलेल्या दुधात हळद होती अर्धा चमचा. तीही प्रतिकारशक्तीसाठी, कोविड बरा होतो असा दावा त्या सूचनेत नव्हता. अर्धा चमचा हळदीचं दूध घशाला बरं वाटतं, मीही पिते. पण त्या चाचणीचा दाखला त्या दुधाला लावता येत नाही.

आता जरा जड बोलते. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या ग्रुपवर दिवसाला वीस-वीस काढे यायचे. आपल्यातला एक जण आज इथे नाही. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. तो पाच दिवस घरी काढ्यावर होता. सहाव्या दिवशी बोटाला ऑक्सिमीटर लावला तेव्हा आकडा ऐंशीच्या खाली होता. हळदीने त्याचं काही वाईट केलं नाही. लवकर गेला असता तर वाचलाच असता, असंही कुणी सांगू शकणार नाही. पण ते पाच दिवस 'उपचार चालू आहेत' अशी त्याची आणि घरच्यांची समजूत होती. मला भीती वाटते ती या समजुतीची.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. आपण शाळेत होतो तेव्हा आपल्या जिल्ह्यात एचआयव्हीची दहशत होती. त्याच काळात हायपेरिसिन नावाच्या लाल वनस्पतीरंगाचा बोलबाला झाला. १९८८ मध्ये उंदरांमध्ये त्याने एचआयव्हीच्या जातकुळीतल्या विषाणूंना रोखलं होतं. मग अमेरिकेत एचआयव्ही असलेल्या ३० जणांवर चाचणी झाली, निकाल आला १९९९ मध्ये. विषाणूवर परिणाम शून्य, उलट अनेकांची कातडी उन्हात भाजल्यासारखी झाली. कारण हा रंग उजेड शोषून पेटतो. ज्यांनी माणसं वाचवली ती एआरटीची औषधं वेगळी होती. २००४ पासून ती सरकारी रुग्णालयांत मोफत मिळू लागली.

पण उजेडाने पेटणं हाच गुण दुसरीकडे उपयोगी पडला. रक्तपेढीतल्या प्लाझ्मात मिथिलीन ब्लू हा रंग घालून त्यावर प्रकाश सोडला की अनेक विषाणू निष्प्रभ होतात. ब२ जीवनसत्त्व, म्हणजे पिवळं रायबोफ्लेविन, अतिनील प्रकाशाबरोबर असंच वापरतात. रंगाने विषाणू मरतो हे खरं, पण शरीराबाहेर, पिशवीत, मोजून दिलेल्या उजेडात.

मसाल्याच्या डब्यातून औषधापर्यंत वाट नाही असंही नाही. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला, तेव्हा टॅमिफ्लूच्या गोळ्यांसाठी रांगा लागल्या होत्या. ती गोळी करायला लागणारं शिकिमिक आम्ल येत होतं मुख्यतः चक्रीफुलातून. पण चक्रीफूल चघळून फ्लू जात नाही. त्या आम्लावर रसायनशास्त्रज्ञांनी अनेक पायऱ्यांची प्रक्रिया केली, चाचण्या केल्या, मग औषध झालं. हळदीच्या रंगाचंही असं होऊ शकेल. त्यासाठी त्याच्यातल्या खोडी आधी मान्य कराव्या लागतील.

आपण दहावी झालो त्याच १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. तिथे भावनेला किंमत नव्हती. जुने ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख समोर ठेवला, म्हणून जिंकलो. हळदीची बाजू मांडायची तर अशी.

शेवटी परदेशात मुलं असलेल्यांसाठी एक सूचना. मुलं प्रेमाने कर्क्युमिनच्या कॅप्सूल पाठवतात. भाजीतल्या हळदीची गोष्ट वेगळी. या कॅप्सूलमध्ये मात्रा मोठी असते, आणि शोषण वाढवायला पिपरीन घातलेलं असतं, जे तुमच्या इतर गोळ्यांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. अमेरिकेत अशा हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृत बिघडलेल्या १० जणांची नोंद काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाली. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एक दगावला. अशी माणसं थोडी असतात, पण आपण त्यांतले आहोत का हे आधी कळत नाही. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्या घेऊ नका.

एक विनंती शाळेला आणि आपल्या बॅचला. प्रयोगशाळेसाठी जो निधी आपण देतोय, त्यातून हळदीच्या कागदाचा प्रयोग पुन्हा सुरू करूया, पण दोन कागदांनी. एकाला साबणाचं पाणी, दुसऱ्याला नुसतं पाणी. दुसरा कागद कशासाठी, हे मुलांनी विचारावं आणि बाईंनी सांगावं. ग्रुपवर पुढचा काढा आला की आपणही तेच विचारूया: दुसरा कागद कुठे आहे?