येळवशीची भांडी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



सचिव साहेबांनी मला पाच मिनिटं दिलीत आणि सांगितलं, "सोसायटीबद्दल बोला." पाण्याची टाकी आणि पार्किंग यावर बाकीचे बोलतीलच. मी येळवशीवर बोलतो.

वेळ अमावस्या म्हणजे काय हे कंधारात सांगायची गरज नाही. तरी पुण्या-मुंबईकडून आलेल्या सुना-जावयांसाठी सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या, ज्वारी-हरभरा रानात उभा असतो. कडब्याची कोप करायची, पाच पांडवांची पूजा करायची आणि ओळखी-पाळखीच्या सगळ्यांना बोलावून रानातच जेवायचं. भज्जी, उंडे, आंबील, खीर. नुसतं नाव काढलं तरी समोरच्या रांगेत हालचाल झाली बघा!

आता ही भज्जी होते कशी? वालाच्या, तुरीच्या शेंगा सोला, हरभरा सोला, मेथी-कांदापात निवडा, आंबिलीचं आदल्या दिवशीच बघून ठेवा. आणि नेमकी आदल्याच दिवशी माळेगावच्या खंडोबाची यात्रा सुरू होते. म्हणजे आम्ही पुरुष मंडळी घोडे-उंट बघायला माळेगावला, आणि घरी बायका मध्यरात्रीपर्यंत शेंगा सोलायलेत. पहाटे उठून पुन्हा चुलीपुढं. आम्ही सकाळी पटका बांधून टोपलं उचलायचं, की झाली आमची येळवस.

काही वर्षांपूर्वी संध्याकाळी रानातून आलो. मी खुर्चीत बसलो आणि सहज म्हणालो, "यंदा भज्जी लई झकास झाली." आमच्या मंडळी म्हणाल्या, "असेल. मी वाढेपर्यंत गार झाली होती." मग म्हणाल्या, "मी आता बसते. भांडी तुम्ही बगा." मी हसलो. त्या खरंच बसल्या.

नळावर गेलो. डिसेंबरचं पाणी, बोटं बधिर. भज्जीच्या पातेल्याला बेसन असं धरलेलं, की काथ्यानं घासलं तरी निघेना. दोन तास लागले. आमच्या मायनं ते पाहिलं आणि दोन दिवस सुनेशी बोलली नाही. "माझ्या लेकाला भांडी घासायला लावली," हे तिचं दुःख! तिनं स्वतः चाळीस येळवशी घासल्या होत्या, पण ते तिला मोजावंसं कधी वाटलंच नाही. म्हणून नुसता पुरुषांना दोष देऊन भागत नाही.

"आम्हाला जमत नाही," असं कुणी म्हणू नका. सप्ताहाच्या पंगतीला गावभराची भाजी आपणच हलवतो, कढई आपणच घासतो. तिथं चार लोक बघत असतात. घरच्या मोरीत कुणी बघत नाही, म्हणून तिथं हात दुखतो.

केंद्र सरकारनं २०२४ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. ८८ सुद्धा मला जास्तच वाटतात. आपल्या गल्लीत तरी मला दिसले नाहीत. (हशा) हा रोजचा हिशेब आहे, सणाचा तर विचारूच नका.

माय नंतर बोलायला लागली. पुढच्या येळवशीला मी नळावर बसलो तेव्हा तीच म्हणाली, "राख घे रे, नुसत्या पाण्यानं निघत न्हाई." माझा मुलगा आता औरंगाबादला शिकतो, म्हणजे संभाजीनगरला. तो सुट्टीत आला की शेंगा सोलायला बसतो. दाणे निम्मे खातो, ही गोष्ट वेगळी.

यंदा रौप्यमहोत्सवाची येळवस आपण सगळे मिळून एकाच रानात करतोय. स्वयंपाकाच्या बैठकीला महिला मंडळ हजर होतं, पुरुष एकही नव्हता. म्हणून भांड्यांची वेगळी यादी मी गेटवर लावली आहे, फक्त पुरुषांसाठी. पहिलं नाव माझं आहे. खाली नऊ ओळी रिकाम्या आहेत. पेन वॉचमनकडे आहे.