उपकारस्तुतीचं पाकीट

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी मेसेज केले, "मनःशांतीवर बोल ना." मला सांगताय? माझा दोन महिन्यांपूर्वी जॉब गेलाय. तरी बोलतो.

कंपनीचं नाव घेत नाही. अकरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल होता, मी कॅमेरा ऑन ठेवून नुसती मान डोलावत होतो. दुपारपर्यंत सगळे अ‍ॅक्सेस बंद. पुण्याहून घरी नगरला आलो (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) आणि मम्मीला सांगितलं, वर्क फ्रॉम होम आहे. तीन आठवडे रोज दहाला माझा जुना लॅपटॉप उघडून बसायचो. मम्मी चहा ठेवायची आणि दार हळूच लावून घ्यायची, माझी मीटिंग असेल म्हणून. त्या चहाचं फार वाईट वाटायचं.

फोनवर कृतज्ञतेचं एक अ‍ॅप टाकलं होतं. रात्री नऊला नोटिफिकेशन यायचं, आजच्या तीन चांगल्या गोष्टी लिहा. चौथ्या दिवशी अनइन्स्टॉल केलं.

आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची पाकिटं असतात. आत दान, वर नाव आणि कारण. पाळकसाहेब ते उपासनेत वाचून दाखवतात. नातू बारावी पास झाला, लग्नाला २५ वर्षं झाली, बोअरला पाणी लागलं, म्हैस सुखरूप व्याली. लहानपणी आम्ही मागच्या बाकावर बसून हसायचो.

त्या रविवारी एक पाकीट वाचलं गेलं: "या आठवड्यातली दोन्ही डायलिसिस नीट झाली, ५१ रुपये." आमच्या गल्लीतल्या मावशींचं होतं. काका दोन वर्षं आजारी आहेत. उपासनेनंतर गेटपाशी त्यांना गाठलं आणि सरळ विचारलं, "मावशी, देवाचा राग नाही येत?"

"येतो की. परवा रात्रीच भांडले त्याच्याशी. पण दोन्ही नीट झाली ना रे? मग झाली नाहीत असं कसं म्हणू?"

घरी येऊन फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडला. सहावं-सातवं वचन संडे स्कूलपासून पाठ आहे. पण पौलाने हे पत्र कैदेत असताना लिहिलं, हे मी नुसतं परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं होतं. आणि तो मागू नका असं म्हणतच नाही. मागा, पण मागताना आभारही माना, असं म्हणतो. शांतीचं त्याच्यानंतर येतं. मी उलटं करत होतो. आधी शांती मिळू दे, ऑफर लेटर येऊ दे, मग आभाराचं बघू. शिवाय घरात रोज खोटं बोलत होतो. त्यात कसली शांती येणार?

पुढच्या शनिवारी रात्री मम्मीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. मीटिंगमध्ये तुझा आवाजच येत नव्हता." तिला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं, तरी चहा येत राहिला.

सकाळी पाकीट घेतलं, १०१ रुपये टाकले. कारणाच्या जागी पेन बराच वेळ अडला. शेवटी लिहिलं, "मम्मीच्या चहासाठी." पाळकसाहेबांनी वाचलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरं हसली. मम्मी पदर तोंडाला लावून बसली होती, हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही.

जॉब अजून मिळालेला नाही. गुरुवारी एक टेक्निकल राउंड आहे, भीती वाटतेय. प्रार्थनेत आठवण ठेवा. चला, भेटू पुढच्या आठवड्यात.