सफेत जागा मिळते, गावात मिळवावी लागते



तुमच्यापैकी काहीजण यंदा डोंगराळ भागातल्या कॉलेजांत चालला आहात. मी श्रीनगरच्या एनआयटीत शिकलो. १९६० साली सुरू झालेलं हे कॉलेज हजरतबलला, दल सरोवराच्या काठी आहे. तिकडे जाणाऱ्यांनी सिम पोस्टपेड करून घ्या. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड तिथे चालत नाही. २१ डिसेंबरपासून ४० दिवस ‘चिल्लई कलां’, म्हणजे हाडं गोठवणारी थंडी. फेरन आणि कांगडी तिथेच घ्या.

पहिल्याच जुम्याला मशिदीत सफेत जागा मिळाली. कुणी गाव विचारलं नाही. सकाळी कांदुराकडे रोटीच्या रांगेत मात्र गप्पा काश्मिरीत चालत. मी उर्दूत विचारलं की उत्तर मिळे, गप्पा मिळत नसत. इथे ‘मुसलमान असून मराठी छान बोलता’ असं ऐकत वाढलेला मी तिथे सगळ्यांसाठी ‘महाराष्ट्रवाला’ होतो. रोज दोन काश्मिरी शब्द शिकत गेलो, तेव्हा कांदूर माझी चौकशी करू लागला.

धर्म एक असला तरी भाषा, चव, सुखदुःखं निराळी असतात. म्हणून जाल तिथली भाषा शिका. आणि तुमच्या मराठीपणाचा दाखला कुणाकडे मागू नका. ते तुमचंच आहे.